साहेबांसाठी घर

कुत्र्याच्या पिल्लाला ‘अहो साहेब’ म्हणणारा अख्ख्या नाशकात मी एकटाच असेन. पण त्याचं तोंड बघितलं असतं ना, तर तुम्हीही अरे-तुरे केलं नसतं. कपाळावर आठ्या, गाल लोंबलेले, खालचा ओठ पुढे. आमच्या ऑफिसातले साहेब एखाद्याचा रजेचा अर्ज वाचताना जसे दिसायचे, हुबेहूब तसं. फरक एवढाच, की हे साहेब तुमच्या चपलेचा अंगठा तोंडात धरून खोलीभर गरागरा फिरायचे आणि फिरता फिरता स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचे.

मी तेव्हा वीजखात्यात मीटर रीडर होतो. सायखेड्याच्या शाळेत मॅट्रिक झालेला गडी, अंगात दुसरा काही गुण नाही, फक्त नकला. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून त्यांच्याच हातचा मार खाल्ला आणि मार देताना ते कसे श्वास घ्यायचे, त्याची नक्कल मधल्या सुट्टीत केली. नाशकात नोकरी लागली तशी लय मजा वाटली. रोज नवी घरं, नवे आवाज. देवळाली कॅम्प ते नाशिकरोड असं माझं बीट. कोणाच्या घरात सासू ओरडते, कोणाचा रेडिओ दुपारभर चालू असतो, कोण दार उघडताना आधी शिव्या घालतं आणि मग माणूस बघून ‘या या’ म्हणतं, सगळं मला पाठ. ऑफिसात चहाच्या वेळी मी पूर्ण बीट वाजवून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. पाच वाजले की आपापल्या घरी जायचे. मी पंचवटीतल्या माझ्या खोलीवर यायचो आणि तिथे कोणाची नक्कल करणार? भिंतीची?

देवळाली कॅम्पात एका बंगल्यात एक म्हाताऱ्या पारशी बाई होत्या. नवरा गेलेला. त्यांच्या बुलडॉगणीला पिल्लं झाली, पुढे तीही गेली, पिल्लं वाटली गेली, एक राहिलं. बाई बंगला विकून मुंबईला बहिणीकडे फ्लॅटमध्ये राहायला निघाल्या होत्या. तिथे कुत्रं चालणार नव्हतं. दिवाळीनंतरच्या रीडिंगला गेलो तर बाईंनी मला बसवून घेतलं.

‘दीकरा, तू तर समद्याच्या घरात जाते. तुला ठाऊक हाय कोन कसा हाय. याला एक चांगला घर बघ ने.’

मी म्हटलं, ‘बाई, चांगलं म्हणजे कसं?’

‘थंड फरशी पाहिजे. याला गर्मी सोसत नाय. साखळीला बांधायचा नाय. आनि एकटा ठेवायचा नाय हां! एकटा ऱ्हायला तर हा खाना सोडते. याची मा गेली तेव्हा मी बाजारात गेली, आली तर बशी तशीच. दुपारी कोन घरात असेल असा घर बघ.’

दुपारी कोण घरात असतं हे नाशिकरोडला माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? दुपारीच तर मी दारं वाजवायचो. मी छातीवर हात मारून हो म्हटलं. बाईंना लगेच निघायचं होतं, म्हणून घर मिळेपर्यंत पिल्लू माझ्याकडे. द्राक्षाच्या लाकडी पेटीत जुनं गोणपाट घातलं, पेटी कॅरिअरला बांधली आणि साहेबांची स्वारी पंचवटीला निघाली. रस्त्यात लोक वळून बघत होते. द्वारका चौकात एका टांगेवाल्याने विचारलं, ‘काय रे, डुकराचं हे का?’ साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू आता त्याचाच पगार कापतील.

घरमालकीण काकूंकडे यात्रेकरू उतरायचे. काका पौरोहित्य करायचे. काकूंनी पेटीत डोकावून बघितलं आणि पदर नाकाला लावला.

‘हे बघ, आमच्याकडे लोक श्राद्धाला येतात. हे तोंड कोणी पाहिलं तर परत येतील का? एकादशीपर्यंत ठेव. मग मला दिसायला नको.’

‘काकू, किती शांत आहे बघा.’

‘शांत? हे तर रुसून बसल्यासारखं दिसतंय. आणि तू दिवसभर बाहेर. आधी लग्न कर, मग कुत्रं पाळ.’

‘कुत्र्याला सोबत म्हणून बायको आणू काय काकू?’

‘मेल्या, तुला सोबत म्हणून आण,’ असं म्हणून काकू आत गेल्या.

पहिल्या दिवशी साहेबांना दूध-पोळी ठेवून, कडी लावून मी कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर दूध-पोळी तशीच, वर मुंग्या. साहेब दाराच्या फटीला नाक लावून बसलेले. मी नवीन दूध कालवलं, समोर मांडी घालून बसलो, तेव्हा कुठे खाल्लं. खाता खाता डोकं वर करून बघायचे, मी आहे ना म्हणून. मी उठून पाणी प्यायला गेलो की तोंड बशीतून बाहेर.

सायखेड्याला नेऊन सोडावं असंही मनात आलं. पण घरी आता भाऊ-वहिनी. आई गेल्यापासून मीच तिथे पाहुण्यासारखा जातो. पाहुण्याने बरोबर आणखी एक पाहुणा कसा न्यायचा?

मग मी साहेबांना बीटवर न्यायला लागलो. आणि खरं सांगतो, तेवढे दिवस माझी काय चैन होती! एरवी मी ‘मीटर!’ म्हणून ओरडलो की दार वीतभर उघडायचं, एक हात बाहेर येऊन मीटरकडे बोट दाखवायचा आणि दार बंद. आता दार उघडायचं, पोरं धावत यायची, बायका हात पुसत बाहेर यायच्या. साहेब पेटीतून उडी मारायचे, पडायचे, उठायचे, कोणाचा तरी वाळत घातलेला परकर ओढायचे. सगळे त्यांना आत बोलवायचे. त्यांच्या मागोमाग मीही आत. किती घरांत मी पहिल्यांदाच पाणी प्यायलो.

संध्याकाळी खोलीवर आलो की मी त्यांना दिवसभराचं बीट करून दाखवायचो. साहेब समोर बसून मान एकदा डावीकडे वाकडी करायचे, एकदा उजवीकडे. हसत नव्हते, पण उठून घरीही जात नव्हते.

घर मात्र ठरेना. एका ठेकेदार शेठला पिल्लू फार आवडलं. शेठ म्हणाले, ‘एकदम फॉरेनचा माल दिसतो यार! गेटला बांधू. लोक बघूनच टरकले पाहिजेत.’ तेवढ्यात साहेब मोलकरणीच्या हातातलं फरशी पुसायचं फडकं दातात धरून गुळगुळीत फरशीवर पोटावर घसरत गेले, ते थेट सोफ्याखाली. शेठचं तोंड उतरलं. ‘हा तर जोकर निघाला. ठीक आहे, दोन दिवस साखळीला राहिला की लायनीवर येईल. ठेवून जा.’ मी म्हटलं, ‘इंजेक्शन बाकी आहे शेठ, टोचून आणतो,’ आणि पेटी उचलली.

मग मला जागा सापडली असं वाटलं. नाशिकरोडला एक घर होतं, तीन भाऊ, तीन जावा, सासूबाई, पोरांची तर पलटण. माझ्या सगळ्या बीटात हे एकच घर, जिथे दुपारी दार वाजवायची वेळच यायची नाही, कारण ते लागलेलंच नसायचं. मीटर रीडरच्या डोक्याने विचार केला तर याच्यासारखं घर नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘ठेवा, बघू.’ मी सकाळी साहेबांना तिथे सोडलं. दिवसभर पेटी रिकामी वाजत होती तरी मी खुशीत होतो. म्हटलं, जमलं.

संध्याकाळी गेलो. मोठी जाऊ म्हणाली, ‘मधलीकडे असेल.’ मधली म्हणाली, ‘मी तर धाकटीला सांगितलं होतं.’ धाकटी म्हणाली, ‘अगंबाई, पोरांनी नेला ना खेळायला?’ पोरं म्हणाली, आम्ही तर शाळेत होतो. शोधता शोधता साहेब जिन्याखाली कोळशाच्या पोत्यामागे सापडले. तोंड काळं. बशीतल्या दुधावर साय धरलेली, त्यात माशी. मी तिथेच जिन्याखाली वाकून बसलो. मला बघून त्यांनी आधी दूध प्यायलं, मग माझा हात चाटला.

सासूबाई बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, ‘अहो, एवढं भरलं घर, त्याला एकटं कसं वाटलं असेल?’

मी मनात म्हटलं, सायखेड्याला आमचंही घर भरलेलंच आहे.

एकादशी दोन दिवसांवर आली. काकू आता माझ्याशी न बोलता साहेबांशी बोलायच्या. ‘काय हो, कधी निघणार?’ मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात गप्प बसायला लागलो. एक जण म्हणाला, ‘याला ताप आलाय, आज नक्कल नाही.’ मनात सारखा हिशेब चालायचा, की शेठकडे निदान थंड फरशी आहे, साखळी लांब असेल, गेटवर माणसांची ये-जा असते. खोटं सांगत नाही, शेठच्या गल्लीपर्यंत एकदा जाऊन आलो.

माझ्या बीटावर एक घर असं होतं, ज्याची नक्कल मला येत नव्हती. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, रिटायर झालेले, नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहायचे. बायको गेलेली, मुलगा दूर नोकरीला. बैठं घर, शहाबादी फरशी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाहेर ओटा, ओट्यावर मीटर. मी फाटकात दिसलो की ते बोलायचे नाहीत, नुसतं मीटरकडे बोट करायचे. त्यांचा आवाजच कधी ऐकला नव्हता, तर नक्कल कशाची करणार?

त्या दिवशी मी मीटर बघत होतो. ओट्याला सायकल टेकवलेली. आतून गार्डकाका आले.

‘काय घरघरतंय?’ हे त्यांचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य. ‘मीटर बिघडला का?’

मी म्हटलं, ‘मीटर ठीक आहे काका. आमचे साहेब झोपलेत.’

काकांनी पेटीत डोकावून बघितलं. साहेब उताणे पडलेले, चारी पाय आकाशाकडे, जीभ बाहेर, आणि घोरणं असं की फाटकाची कडी हलावी.

‘रोज घोरतो का असा?’

‘रोज. काय सांगू काका, तुमची मालगाडी परवडली.’ आणि मी सवयीने घोरण्याची नक्कल करून दाखवली. काका हसले नाहीत. पेटीवर हात ठेवून उभे राहिले.

‘आमची पण घोरायची,’ ते म्हणाले. ‘जन्मभर मी ओरडलो तिला. ड्यूटीवरून आलेला माणूस, झोपू दे ना बाई, म्हणायचो. आता घरात सुई पडली तरी ऐकू येते.’

मग मी आपलं सगळीकडे विचारायचो तेच विचारलं, ‘दुपारी घरात कोण असतं काका?’

‘कोण असणार? मीच.’

‘दळण, रॉकेल, भाजी? तेव्हा?’

‘नेईन की बरोबर. रांगेत उभा राहील.’ मग म्हणाले, ‘तू का नाही ठेवत?’

‘मी दिवसभर बाहेर. हा एकटा जेवत नाही.’

‘आणि तू?’

मी म्हटलं, ‘मी जेवतो.’

काका आत गेले, एका ताटलीत भाकरी कुस्करून त्यावर दूध घालून आणली आणि ओट्याच्या फरशीवर बसले. साधं वाकता येत नव्हतं त्यांना, भिंतीला धरून धरून बसले. साहेब जागे झाले, पेटीतून पडले, ताटलीपर्यंत गेले. खाता खाता सवयीप्रमाणे डोकं वर केलं. समोर काका. परत खाली घातलं. मी जरा बाजूला सरकून बघितलं, मग पायरीखाली उतरून बघितलं, मग फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. साहेब खातच होते.

ते माझ्यामागे धावत आले तर काकांना काय सांगायचं, साहेबांना काय सांगायचं, ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. त्याची वेळच आली नाही.

त्या संध्याकाळी काकूंनी मला पानावर बोलावलं. मला म्हणाल्या, ‘तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय? शेठची नक्कल कर बघू.’ केली. काका-काकू दोघंही हसले.

पुढच्या महिन्याच्या रीडिंगला गेलो. फाटकाची कडी काढली आणि आतून साहेब भुंकत आले. ओट्याच्या पायरीवर चारी पाय रोवून उभे राहिले आणि माझ्यावर भुंकले. चांगले जाड झाले होते. गळ्यात एक लाल दोरी.

मागून गार्डकाका आले. ‘अरे, मामा आहे तो तुझा! मामावर भुंकतो का? याला काही अक्कलच नाही.’

मग साहेबांनी माझ्या चपलेचा वास घेतला आणि त्यांचं ते बोटभर शेपूट हललं. मी ओट्यावर बसलो, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बोटाने सरळ केल्या. परत पडल्या.

‘चहा टाकू?’ काका म्हणाले.

‘टाका.’

काका आत गेले. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. तसे साहेब माझ्या मांडीवरून उठले, खाली पडले, उठले आणि आत गेले. काका त्यांच्याशी बोलत होते. दूध नासलंय का बघ, म्हणत होते. ती बरणी पाडू नको म्हणत होते. बोलणं थांबतच नव्हतं. मी दाराकडे कान देऊन सगळं ऐकत होतो, प्रत्येक शब्द कसा लांबवतात, कुठे खाकरतात. एकदा हळूच तोंडातल्या तोंडात म्हणूनही बघितलं.

चहा यायला वेळ लागला. मला काही घाई नव्हती.