प्रोजेक्टरचा पिंजरा

अगं, लांब काय बसलीस? इकडं ये. आल्या आल्या मोबाईलात डोकं घालायचं नाय.

मी पडेगावकडच्या एका शाळेत शिपाई होते. वर्गातला टीव्ही चोरीला गेला, तेव्हा किल्ली माझ्याकडं होती. बघितलं सगळ्यांनी माझ्याकडंच. पुढं छताला प्रोजेक्टर बसवला. मी हेडमास्तरांना म्हटलं, "याला कुलपाचा पिंजरा करा, नायतर किल्ली दुसऱ्या कुणाला द्या."

खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्यानं पिंजरा करून दिला. एक गज मात्र नेमका भिंगासमोर आला. भिंतीवर भारताचा नकाशा दिसला, त्यावर काळपट पट्टी. पोरी हसल्या, "मावशी, तुम्ही तर देशालाच कोंडलं."

वर्गावरचे गुरुजी म्हणाले, "गज कापावा लागंल."

"कापा. पण माणसाचा हात आत जाईल एवढी फट ठेवू नका."

कापल्यावर मी टेबलावर चढले आन् स्वतः हात घालून पाहिला. बांगड्यांपाशी अडकला. मग किल्ली घेतली, कमरेला खोचली.

रिटायर झाले त्या दिवशी ती परत दिली, तेव्हा प्रोजेक्टर जागेवर होता. अजूनही हाय म्हणतात. पुढच्या वेळी शाळा सुटायच्या आधी ये, दोघी जाऊन बघू. लई दिवस लावू नको.