न आलेल्या लशीची तयारी

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हाच, की आता माझ्या पोळ्यांना नावं कोण ठेवणार? थोरल्या नणंदबाई माझ्या. मध्य प्रदेशातल्या आमच्या शाहपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाई म्हणून उभा जन्म गेला, त्यामुळे घरातही सगळ्यांशी पेशंट समजूनच बोलायच्या...

एकदा दवाखान्याला वरून कळलं, गरोदर बायांसाठी नवी लस येणार. शेवटच्या महिन्यांत आईला टोचायची, म्हणजे जन्मलेल्या बाळाच्या छातीला जपते. ताईंनी तयारी काढली ती लग्नघरासारखी. लशीचा फ्रीज झाला, खुर्च्या झाल्या. सून एकटी येत नाही म्हणून सासवांसाठी सतरंजी, वर चहा! मग लशीशिवायच रंगीत तालीम ठेवली. बुऱ्हाणपूरहून मोठे डॉक्टर आले. सतरंजी सासवांनी गच्च भरली, खुर्च्या मात्र रिकाम्या. "सुना कुठायत?" ताई कडाडल्या. "सातवा लागला ना बाई, गेल्या माहेरी," एक सासू बशीतला चहा फुंकत म्हणाली. "डोहाळजेवणाला तुम्ही तर होत्या. पहिली ओटी तुम्हीच भरली ना!" डॉक्टरांनी रुमालात हसू दाबलं. ताईंनी कपाळावर हात मारला. सगळीकडे चापून जेवल्याही होत्या!

तेव्हापासून कोणाचंही डोहाळजेवण असो, ताईंचा एकच प्रश्न, माहेर कुठलं? आणि लगेच तिथल्या नर्सला फोन. बऱ्याच सुनांचं माहेर रावेरकडे, म्हणजे महाराष्ट्रात. तिकडची नर्स म्हणायची, "ती आमच्या हद्दीतली नाही." ताई ओरडायच्या, "मग पोट काय बॉर्डरवर ठेवून येणार आहे का ती?" मी एकदा चिडवलं, "ताई, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं चाललंय तुमचं. लस तर येऊ द्या!" एरवी फाडकन उत्तर आलं असतं. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "सुमन, माझी पहिली लेक माहेरीच झाली गं. महिन्याच्या आत छाती भरली तिची... सासरच्या दवाखान्याला पत्ता नाही, माहेरच्याला ओळख नाही." मला रडू फुटलं. तर मलाच दटावलं, "भाजी लागतेय, तिकडे बघ."

लस आलेली बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती. ती राहिली. लस अजूनही आलेली नाही.

परवा आमच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. तिचं माहेर रावेरचंच. ओटी भरून होते न होते तोच फोन वाजला. तिकडच्या नर्सबाई होत्या. "कमलबाई गेल्याचं कळलं. त्यांची भाचेसून कधी येतेय? मागेच बजावून ठेवलंय त्यांनी मला. लस आली की पहिल्यांदा तिलाच बोलावते, नाहीतर त्या वरून भांडायला येतील." मला हसूही आलं आणि रडूही. खूप आठवण आली हो त्यांची... सूनबाईच्या हातात पिशवी देत म्हटलं, "जा बिनघोर. आत्याबाई तुझ्या आधीच पोचल्यात तिथे."