खडी, खाडी आणि व्याही

बडोद्याला समुद्र आहे, ही गोष्ट अख्ख्या बडोद्यात फक्त एका माणसाला ठाऊक होती आणि तो माणूस नेमका माझा व्याही निघाला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. मुलीच्या साखरपुड्याला बोलायला विषय सुचेना, म्हणून सहज म्हणालो, "आपल्या बडोद्यात सगळं आहे, फक्त समुद्र तेवढा नाही." व्याह्यांनी तोंडाशी नेलेला पेढा ताटलीत परत ठेवला. लग्न मोडलं नाही, पण "नाही कसा? जरा लांब आहे, एवढंच" हे त्यांचं वाक्य त्या दिवसापासून जे माझ्या मागे लागलं ते लागलंच. त्यांचे आजोबा मालवणहून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले आणि इथलेच झाले. नातवाने मालवण लहानपणी दोनदा पाहिलेलं, तेवढ्या भांडवलावर "आम्ही समुद्राकाठची माणसं" असं ते बडोद्याच्या मधोमध मांडवीच्या भर गर्दीत उभं राहून सांगायचे. अकोट्याच्या पुलावर वाऱ्याची झुळूक आली की डोळे मिटून विचारायचे, "खारा वास आला?" मला खालच्या विश्वामित्री नदीचा वास यायचा आणि तो खारा नसतो. "विश्वामित्री रोज जाते समुद्राला," ते म्हणायचे, "तिला कोणी अडवत नाही. मग आपणच का घरी बसायचं?"

रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात किंवा शेअर बाजारात. आमच्या व्याह्यांनी ग्रॅव्हल बाइक घेतली. म्हणजे खडीची सायकल. बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, जाडजूड खाचांचे टायर, आणि घंटी नाही, कॅरियर नाही, स्टँडसुद्धा नाही. डांबरी रस्ता दिसला की ते तोंड फिरवायचे. कालव्याकाठचा मुरूम, शेताचे बांध, नवीन रस्त्यासाठी टाकून ठेवलेली खडी हेच त्यांचे राजमार्ग. पुढच्याच आठवड्यात तसलीच एक सायकल त्यांनी माझ्या अंगणात आणून उभी केली, म्हणजे माझ्या अंगावर टेकवली, कारण स्टँड नव्हता. "वेवाई, हालो," ते म्हणाले, म्हणजे व्याही, चला. आता मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला नाही कसं म्हणायचं? मी साठीत खडीवर उतरलो तो असा, केवळ सोयरिकीपोटी. त्या प्रकारात एक गादी शिवलेली घट्ट चड्डी घालावी लागते. सुनेच्या बापासमोर तसल्या चड्डीत येणं व्याह्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून पादरा गाव मागे पडेपर्यंत ते वरून पांढरा लेंगा घालायचे. मग मीही घालायचो. भल्या सकाळी लेंगे घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून एकामागून एक जाणारे दोन म्हातारे पाहून पादऱ्याचे चहावाले आम्हाला कुठल्यातरी पंथाचे समजत आणि हात जोडत.

एकामागून एक हे महत्त्वाचं. व्याही पुढे आणि मी बरोबर आठ हात मागे. खरं सांगायचं तर माझे पाय त्यांच्यापेक्षा चांगले होते, पण मुलाकडच्यांना ओलांडून पुढे जायचं हे माझ्या हाडात बसेना. बांध अरुंद झाला की ते थांबून म्हणायचे, "पहिले तुम्ही." मी म्हणायचो, "छे छे, आधी आपण." मागे म्हशी खोळंबून राहायच्या. शेवटी तेच जायचे आणि वळून समाधानाने म्हणायचे, "दमलात वाटतं?" मी हो म्हणायचो.

त्यांचा कान मोठा तयार होता. नोकरीभर पाइपांवर हातोडी मारून आवाजावरून गंज ओळखलेला माणूस, आता टायरखालच्या आवाजावरून खडी ओळखायचा. "ऐका, ही करजणची. जाड दाण्याची. आणि ही वाघोडियाकडची, हिला जरा किणकिण आहे." प्रत्येक रस्त्याचा नमुना ते घरी आणत, धूत आणि बरणीत भरून वर चिठ्ठी लावत. या बरण्या त्यांच्या घरी देवघराशेजारच्या फळीवर होत्या आणि खडीसाखरेची बरणीही तिथेच होती. एकदा सत्यनारायणाला त्यांनी चष्म्याशिवाय सगळ्यांना प्रसाद वाटला. माझ्या तळहातावर पडलं ते खडीसाखर नव्हतं, हे मला जिभेवर ठेवताक्षणीच कळलं. पण व्याह्यांनी हाताने दिलेला प्रसाद थुंकायचा कसा? मी तो गालात धरून अर्धा तास विहीणबाईंशी भावी नातवंडांच्या गप्पा मारल्या आणि घरी येऊन तुळशीत टाकला. चार दिवसांनी व्याह्यांचा फोन आला. "वाघोडियाचा एक खडा कमी भरतोय. तुम्ही तर नाही नेलात?"

हे असंच चालायचं, पण मध्येच बंगळूर उपटलं. तिकडे राहणाऱ्या आमच्या मुलीला दिवस गेले होते आणि जावयांनी आईवडिलांना कायमचं तिकडेच बोलावून घेतलं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आत घर रिकामं करायचं ठरलं. चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सायकलला जागा नव्हती. मग एका सकाळी व्याही येऊन अंगणातच उभे राहिले. "वेवाई, बडोद्याचा समुद्र तुम्हाला दाखवल्याशिवाय मी जायचा नाही. चाकांनी जायचं आणि चाक पाण्यात बुडवायचं. नाहीतर तुमचंच खरं ठरेल." माझं खरं ठरावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. मी म्हणालो, "आपण म्हणाल तेव्हा निघू."

पहिल्या खेपेला चुकीच्या कालव्याला लागून आम्ही भलतीकडे करजणला पोचलो. दुसऱ्या खेपेला प्रत्येक वळणावर नमुने गोळा करता करता दुपार झाली आणि टेम्पोत सायकली टाकून परत यावं लागलं. तिसरी खेप शेवटची होती. विहीणबाईंनी निम्मं सामान बांधून ठेवलं होतं. आम्ही आदल्या दिवशीच जंबुसर गाठून एका धर्मशाळेत मुक्काम केला. व्याह्यांनी आजोबांच्या वहीतलं भरतीचं गणित तिथीवरून मांडलं आणि जाहीर केलं, "पाणी साडेबाराला. आपण दहाला पोचतो. जलसा."

आणि खरोखरच जलसा होता, म्हणजे मजाच मजा. थंडीची सकाळ, पाठीवर वारा, आणि पुढे खारजमिनीतून सरळसोट गेलेला कच्चा रस्ता. टायरखाली खडी नुसती तडतडत होती. मग गांड्या बावळाचं, म्हणजे वेड्या बाभळीचं रान लागलं, दोन्ही बाजूंनी काटे आणि मधून हातभर वाट. व्याही मान खाली घालून जोरजोरात पायडल मारत होते, शर्टाची बाही फाटली तरी थांबेनात. रान संपलं आणि खारफुटी लागली. तिकडे तिला चेर म्हणतात. चिखलात मुळं रोवून उभी हिरवीगार झाडं, त्यावर शेकडो बगळे आणि हवेत खरोखरचा खारा वास. व्याह्यांनी मागे न बघताच विचारलं, "आला?" मी ओरडून म्हणालो, "आला, आला." मला इतका आनंद शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता.

झाडं संपली आणि समोर अथांग चिखल पसरला. समुद्र कुठे तर पार क्षितिजापाशी एक तपकिरी रेघ. बांधावर म्हशी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "दरियो तो हजी आघो छे, काका. पण जशो नहीं, पाणी आवशे." म्हणजे समुद्र अजून लांब आहे, पण पुढे जाऊ नका, पाणी येईल. व्याही म्हणाले, "साडेबाराला," आणि वाळलेल्या चिखलावर सायकल घातली. मी आठ हात मागे. पाव मैल गेलो असू, तेवढ्यात दुरून आवाज आला. लांब कुठेतरी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा. व्याही एकदम थांबले, एक पाय खाली टेकला, मान कलती केली आणि डोळे मिटले. "बारीक दाण्याची आहे," ते म्हणाले. "पण ही कुठली? ही ऐकलेली नाही."

ती तपकिरी रेघ आता रेघ राहिली नव्हती. मागून ती बाई जिवाच्या आकांताने हाका मारत होती. आजोबांचं गणित मालवणच्या भरतीचं होतं आणि मालवणची भरती खंभातच्या आखाताला लागू पडत नाही, हे भूगोलाच्या मास्तरला त्या क्षणी आठवलं. माझ्या तोंडून काय निघतंय ते मला कळायच्या आत निघून गेलं. "अरे येड्या, मागे फिर! खडी नाही, खाडी आहे ती!"

आम्ही फिरलो. मी पुढे आणि व्याही मागे, आणि असे सुटलो की म्हशीसुद्धा बघत राहिल्या. बांधावर चढताना वळून पाहिलं तर मुलाच्या बापाचं मागचं चाक घोटाभर पाण्यात होतं. मी हात धरून त्यांना वर ओढलं. आम्ही दोघं गादीच्या चड्डीवर बसून धापा टाकत राहिलो. समोर मघाचा चिखल कुठेच नव्हता, नुसतं गढूळ पाणी होतं, चहाच्या रंगाचं आणि दिसेल तिथवर.

"चाक भिजलं," ते म्हणाले.

"भिजलं," मी म्हणालो. "बडोद्याला समुद्र आहे."

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता सोयरीक संपली. मग हळूच म्हणाले, "तुम्ही मला येडा म्हणालात." मी हात जोडले. "त्याचं काही नाही," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. मला वाटायला लागलं होतं, हा माणूस जन्मभर आपल्याशी साखरपुड्यातच बसून बोलणार. पण आज तू मला कुठच्या कुठे मागे टाकलंस. म्हणजे इतके दिवस मुद्दाम मागे राहत होतास? मी बायकोला सांगत होतो, मास्तरपेक्षा आपला वेग जास्त आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. ते वेगामुळे की समुद्रामुळे, की समोर उभ्या राहिलेल्या बंगळुरामुळे, ते मी विचारलं नाही. माझेही भरले होते.

आता ते चौदाव्या मजल्यावर नातीला खेळवतात. त्यांची सायकल माझ्या ओट्यावर माझ्या सायकलला टेकून उभी असते. दर रविवारी फोन येतो. स्पीकर चालू असतो, दोन्हीकडे बायका असतात. "नमस्कार व्याही, प्रकृती कशी?" "आपल्या आशीर्वादाने उत्तम." मग ते फोन घेऊन गॅलरीत जातात, दार लोटल्याचा आवाज येतो आणि दबक्या आवाजात विचारतात, "काय रे मास्तर, आज पाणी किती वाजता?" जंबुसरकडच्या कोळ्यांकडून आणलेला भरतीचा तक्ता मी स्वयंपाकघरात लावून ठेवला आहे. त्यात बघून मी वेळ सांगतो, ते "बराबर" म्हणतात आणि फोन ठेवतात. गेल्या रविवारी मात्र आवाज बसलेला वाटला. म्हणाले, "इथे खाली सगळीकडे फरशी आहे रे. चालताना आवाजच होत नाही." आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला.

तक्त्यावर नऊ वाजून दहा मिनिटं होती आणि घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. मी म्हणालो, "अजून वेळ आहे. सावकाश ये."