आणखी एकदा मोडून बघतो

माझा धाकटा भाऊ संगणकावर वस्तू मोडायचा. आम्ही त्याला ठिकऱ्या म्हणायचो. मी रंगमंचावर शेकडो वेळा मेले, त्याने त्याहून कितीतरी जास्त गोळे फोडले. रक्त कुठेच सांडलं नाही.

गोळे सिरॅमिकचे, माणसाच्या खुब्यात बसवायचे. "ताई, धातू वाकतो, सांगून मोडतो," तो म्हणायचा. "सिरॅमिक चकार शब्द न काढता फुटतं." भट्टीत भाजताना आत केसाहून बारीक छिद्र राहिलं, की तिथूनच तडा पळत सुटतो. ते छिद्र कुठे असेल, कुणाला ठाऊक? म्हणून संगणकातल्या प्रत्येक गोळ्यात ठिकऱ्या निरनिराळ्या जागी छिद्रं पेरायचा, वर चालत्या माणसाचा भार द्यायचा आणि फुटलेले मोजायचा.

मग त्याच्याच बायकोचा खुबा झिजला. डॉक्टरांनी तसाच गोळा बसवायला सांगितलं. ठिकऱ्याच्या पहिल्याच हिशेबात दहा हजारांत एक फुटला. दुसऱ्या कुणाला त्याने हसत ऑपरेशनला पाठवलं असतं. इथे मात्र पाय अडला.

"ती जिन्यात घसरली तर? तो भार मी धरलाच नाही. आणखी एकदा मोडून बघतो."

डॉक्टरांची एक तारीख गेली, दुसरीही गेली. भावजय अंथरुणाला खिळली, पण जीभ शाबूत होती. "वन्सं, लग्नाला यांनी पाच मिनिटांत होकार दिला. गोळ्याला सात महिने!"

"ऑपरेशनच्या कागदावर तूच का नाही सही करत?" मी विचारलं.

"यांनी हो म्हटल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही."

मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, तिला चालायचंय!"

"आणि तो एक गोळा तिच्याच वाट्याला आला तर, ताई?"



आठव्या महिन्यात, पडून पडून, तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली. ती फुप्फुसात गेली. मी भावजयीचे केस विंचरत होते. काहीतरी गमतीचं सांगत होती, ते अर्धंच राहिलं.

तीन आठवड्यांनी ठिकऱ्या कामावर गेला. दुपारी त्याचा फोन आला.

"जिन्याचा हिशेब आला, ताई. दहा हजारांत दोनच फुटले."

"बरं."

"नुसतं पडून राहण्याचा धोका मी कुठे धरलाच नव्हता गं."