शालनने धरलेला पाय

सकाळी नारळ खवत बसले होते, तेव्हा शालनच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. शालन आजारी होती, हे होणार हे ठाऊक होतं, तरीही... खवणी सारून उठायला गेले तर उजवा गुडघा नेहमीसारखा आखडला. भिंत धरून उभी राहिले. तो गुडघा मोडला होता शालनच्याच हातून, आणि आज तिच्यासाठीच मला रडू आवरत नव्हतं.

आमची ओळख कबड्डीच्या मैदानावरची. मी रत्नागिरीच्या संघातून चढाया करायचे, ती देवरूखजवळच्या तिच्या बौद्धवाडीच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. अंगाने किरकोळ, पण तिच्या हाती घोटा लागला की सुटत नसे, अशी ख्याती. जिल्हा निवडीच्या सामन्यात मी पाय पुढे टाकला आणि तिने तो धरला. मी अंग पिळून मध्यरेषेकडे झेप घेतली. घोटा तिच्या मुठीतच राहिला, आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज आम्ही दोघींनीही ऐकला. पकड अगदी नियमातली होती. मला मात्र उचलून बाहेर न्यावं लागलं, आणि माझं खेळणं तिथेच संपलं.

ऑपरेशन होऊन मी घरी खाटेवर पडले होते. एका रविवारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली, हातात नाचणीच्या पिठाची पिशवी.

"कोण गो तू?" आईने विचारलं.

"शालन. हिचा पाय धरला होता ना, ती मीच."

"मग आता कशाला आलीस? दुसरा धरायला?"

शालन हलली नाही. "पाय बगाया आलंय," म्हणाली. आई आत निघून गेली. मीही भिंतीकडे तोंड फिरवलं. ती उंबऱ्याशी बसून राहिली आणि एसटीची वेळ झाली तशी पिशवी ठेवून गेली. पुढच्या रविवारी परत आली. त्याच्या पुढच्याही. असे कितीतरी रविवार गेल्यावर आईने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. मग शालनच मला खांद्याला धरून अंगणात चालवू लागली. मी रडकुंडीला आले की म्हणायची, "चढाईला कशी उड्या मारत आली होतीस! आता चल की."

एकदा तिच्याबरोबर तिच्या संघातली एक मुलगी आली आणि बोलून गेली, की शालन हल्ली घोटा धरतच नाही. धरला तरी लगेच सोडते, आणि संघ हरतो. मला राग आला. तिचा पुढचा सामना देवरूखला होता. मी काठी टेकत, भावाला घेऊन तिथे गेले. पूर्वार्धात ती खरोखरच हाती आलेले पाय सोडत होती. मध्यंतरात मी तिला बाजूला घेतलं.

"शालन, तू धरलास म्हणून गुडघा गेला नाही. मी पिळला म्हणून गेला."

ती खाली मातीकडे बघत म्हणाली, "तो आवाज कानातनं जात न्हाय गो, नंदे."

"माझ्याही जात नाही. पण तूही खेळणं सोडलंस, तर एका पकडीत दोघी बाद झालो म्हण!"

उत्तरार्धात समोरच्या संघाची एक थोराड मुलगी चढाईला आली आणि शालनने तिचा घोटा धरला. त्या मुलीने तिला पार मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं. शालनचं तोंड मातीने भरलं, ओठ फुटला, पण मूठ सुटली नाही. शिट्टी झाल्यावर ती आधी त्या मुलीच्या पायावरून हात फिरवत विचारत होती, "दुखला काय गो?" मग तिने माझ्याकडे बघितलं.

पुढे ती राज्याच्या संघात गेली. खेळामुळे रत्नागिरीत नोकरी मिळाली आणि ती आमच्याच बाजूला राहायला आली. खांद्याचं हाड मोडलं, तरी उभी राहिली. प्रज्ञा झाल्यावर लोक म्हणाले, आता पुरे. पण पुढच्या हंगामात ती मैदानात होती आणि तिचे यजमान सिद्धार्थभाऊजी लेकीला मांडीवर घेऊन रेषेबाहेर. पकडलेल्या प्रत्येकीला उठवून तिचा पाय चाचपायची तिची सवय शेवटपर्यंत राहिली. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुणालाही हात लावू देत नसे. "शालनला बोलवा, ती नीट धरते," म्हणायची... 

शालन गेल्यावर तिच्या नावाने झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी चहा टाकायला तिच्या स्वयंपाकघरात गेले. साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली, तर झाकण तेवढं हातात आलं. चहापूड, मसाला, लोणचं... एकाही बरणीचं झाकण फिरवून लावलेलं नव्हतं, सगळी नुसती ठेवलेली.

"आईची बोटं इतक्यांदा मोडली होती, की तिला झाकणं फिरवता यायची नाहीत," प्रज्ञा म्हणाली. "बाहेर कुणाला कळू द्यायची नाही. बाबा आम्हाला कुठलंच झाकण घट्ट लावू देत नसत."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. साखरेला मुंग्या लागल्या होत्या. त्या काढून मी झाकण फिरवायला लागले, तर दारातून सिद्धार्थभाऊजींचा आवाज आला.

"नंदाताई, घट्ट नको."

मी झाकण उलटं फिरवून सैल केलं आणि नुसतं वर ठेवलं.