चार भाषांतलं हसू

आमच्या शिरोड्याच्या घरी आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. फ्रेंच पाहुणा राहायला आला आणि नाश्त्याला बसला, की वास लागल्यासारखे शेजारचे बाबी मास्तर कुंपणातून आत यायचे. खुर्ची ओढून त्याला विचारायचे, "रीर?" म्हणजे हसणं. पाहुणा बिचारा कसंनुसं हसायचा. मग मास्तर माझ्याकडे वळून बोटांवर मोजायला लागायचे, "फ्रेंचाचो रीर, पोर्तुगीजाचो रिर, स्पॅनिशाचो रेईर, इटलीकाराचो रीदेरे. सगळे एका लॅटिन आवशीचे झील." म्हणजे एका आईचे मुलगे. तोवर माझे घावणे गार.

वैताग याचा, की हे मास्तरांनी करावं. शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवत. वर्गात कोणी फिसकन हसलं, की बाकावर उभं. माझी निम्मी सातवी तशीच गेली. खुद्द मास्तरांना हसताना गावात कोणी पाहिलं नव्हतं.

एकदा मी ताट आपटलंच. "मास्तरानू, कित्याक ह्या सगळा?"

"मे म्हयन्यात पॅरिसासून नात येतली, पयल्यांदाच. फोनार आवशीच्या पाठी लपता. चेडू माझ्यासमोर हसला पायजे गो, चारांतल्या खंयच्याय भाशेत. रडान गेला, तर परत येवचा नाय."

बायको गेल्यापासून मास्तर एकटेच. तरी म्हटलं, "तिका मालवणी येता काय, झिलाक इचारलात?"

"इचारूचा काय त्यात? पॅरिसात जल्मलेल्या चेडवाक मालवणी खंयसून येतली?"

स्वतःच्या मुलाला काही विचारणं म्हणजे त्यांना कमीपणा.

नात आली, आईवडिलांबरोबर. पाच वर्षांची, उकाड्याने लालबुंद. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पडवीत तिच्यासमोर बसले आणि चारही भाषांतलं हसणं त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. पोरगी नुसती बघत राहिली. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता त्यांचा आवाज कापत होता.

तेवढ्यात ती स्वच्छ मालवणीत म्हणाली, "आज्या, तुका हसूक येणा नाय?"

"बाबानू, घरात आमी मालवणीच बोलताव," मुलगा म्हणाला.

मास्तरांचा चेहरा ताठला. आता हिला बाकावर उभी करणार, असंच मला वाटलं. मग त्यांची मिशी हलली, खांदे हलले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. त्यांना बघून नातही हसत सुटली. वर्षभराचे गार घावणे आठवून रडायची वेळ आली ती माझ्यावर.

पुढच्या मेमध्ये यायचं कबूल करून ती गेली. मास्तर अजूनही पाहुण्यांना गाठतात. आता विचारतात, "तुका हसूक येता?" आणि उत्तराची वाट न बघता आधी स्वतःच हसतात. घावणे गार होतात ते होतातच.