निवेदिकेचा अल्बम

विमानतळावर 'अमुक विमानाला उशीर होत आहे' असं सांगणारी एक बाई असते. तिला त्या उशिराचं ना सुख, ना दुःख. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली रुबिना अगदी त्या आवाजात गायची. गाताना चेहराही तसाच, भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघितल्यासारखा. मी तिचं नाव निवेदिका ठेवलं. आधी मनातल्या मनात, मग तोंडावर. तिला त्याचंही काही वाटलं नाही. "चालेल," एवढंच म्हणाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजात रोल्ला मैदानाच्या मागच्या गल्लीत राहत होतो. निवेदिकेचे लोक मूळ रत्नागिरीकडचे. वडील एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर, आई घरी, आणि ही एकुलती एक, कॉलेजात. माझ्या घरात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. आमचे हे रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात, तिकडेच राहायचे आणि शुक्रवारच्या सुटीसाठी गुरुवारी संध्याकाळी यायचे. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. मी आठवड्यातून दोनदा बायकांचा भजनाचा क्लास घेत असे. एसी सोळावर ठेवायचा आणि खांद्यावर शाल घ्यायची, का, तर मोठ्या गायिका घेतात म्हणून. गाण्याआधी दोनदा खाकरायचेसुद्धा. आज माझी नात माझे त्या वेळचे फोटो बघून "आजी, तुला ताप होता का?" असं विचारते. हो म्हणून सांगते. सोपं पडतं.

एके दिवशी निवेदिका दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आंटी, तुमची एक खोली रिकामी आहे."

"काकू म्हण गं. आंटी काय?"

"ओके आंटी. आमचा बँड आहे. आम्हाला खोली लागेल."

विनंती नव्हती ती. निवेदनच होतं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर मला संध्याकाळी दुसरं काय होतं?

चौघी होत्या. गिटारवाली त्रिचूरची, बेस गिटार वाजवणारी मंगळूरची, ड्रमवाली कराचीची. ड्रमवालीकडे खरा ड्रम एकच, बाकी दूध पावडरचे रिकामे डबे आणि माझी एक कढई. चौघी आपसात इंग्रजीत बोलायच्या आणि भांडायच्या हिंदीत. त्यांचं संगीत पंकच्या जातीचं, असं कानावर आलं होतं; पण पंक म्हणजे डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा, एवढंच मला ठाऊक. यांच्या डोक्यावर तर तेल चोपडलेल्या वेण्या. तेव्हा विचारलं. निवेदिका म्हणाली, "तो पंक, आंटी. ते लोक ओरडले. आम्ही पोस्ट-पंक. ओरडून झाल्यावर जे उरतं ते." मग जरा थांबून, "आम्ही ओरडलोच नाही, ती गोष्ट वेगळी. वॉचमन वर येतो."

गाणी त्यांचीच. एक लिफ्टवर, एक शारजा-दुबईच्या ट्रॅफिकवर, एक मालक कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवून घेतात त्यावर. इतकी कोरडी गाणी मी जन्मात ऐकली नव्हती. माझ्यातली गुरुमाउली जागी झाली. मी शाल सावरून तिला म्हटलं, "बेटा, आवाज आत कोंडू नकोस. भाव आण. डोळे मीट."

तिने डोळे मिटले आणि त्याच आवाजात लिफ्टचं गाणं पुन्हा म्हटलं. मग डोळे उघडून म्हणाली, "फरक पडला?"

"नाही."

"मग उघडे ठेवते. भिंत दिसते."

त्या वर्षी तिच्या वडिलांच्या कंपनीचं काम बंद पडलं. मालक म्हणे, पुढच्या महिन्यात नवी साइट, इन्शाल्ला. पुढचा महिना आला की त्याच्या पुढचा. तिचे अब्बा मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघत. कुठे जातात ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. रोल्लाच्या मैदानात झाडाखाली बसत. संध्याकाळी घरी आले की तिची आई विचारायची, "ऑफिस कसं होतं?" ते म्हणायचे, "ठीक होतं." तिला माहीत होतं हे त्यांना माहीत होतं. तरी दोघंही आपापलं वाक्य चुकवत नसत. मीही कमी नव्हते. एकदा भाजी घेऊन मैदानावरून येत होते, समोर ते बाकावर. मी पिशवी तोंडासमोर धरून निघून गेले. पिशवीतून मेथी बाहेर लोंबत होती. चालती जुडीच दिसले असेन मी त्यांना.

मग मालकाने सगळ्यांचे व्हिसा रद्द केले. महिन्याभरात देश सोडायचा. निवेदिका खोलीत आली आणि बाकी तिघींना म्हणाली, "अल्बम या महिन्यात. खलास." कुणी रडलं नाही. गिटारवालीने गिटारचा कान पिळायला सुरुवात केली.

गिटारवालीच्या भावाचा चार ट्रॅकचा रेकॉर्डर आला. माझ्या गाद्या भिंतींना उभ्या लागल्या. आईने दिलेल्या गोधड्या खिडकीवर गेल्या. ऑगस्ट महिना. रेकॉर्डरमध्ये घरघर येते म्हणून एसी बंद. अजान झाली की थांबायचं, चेहरे धुवायचे, पाणी प्यायचं, पुन्हा गोधडीच्या आत. मी त्यांना लिंबाचं सरबत देत होते आणि पदराने वारा घेत होते. शाल कपाटात गेली ती तेव्हा.

अर्ध्याहून जास्त अल्बम झाला तेव्हा कळलं की एक गाणं मराठीत आहे. बाकी सगळी इंग्रजीत, हे एकच घरच्या भाषेत. निवेदिकेची आई माझ्याकडे आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वहिनी, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती. ते अब्बांचं गाणं आहे. सगळ्या मुलुखासमोर माणसाला असं उभं करतात काय? त्यांनी ऐकलं तर मोडून पडतील. वर्षभर मी एक शब्द काढला नाही. ही गाणं काढते."

माझं ती ऐकते, हे मला नवीनच होतं. तरी मी गेले. थेट बोलायचा धीर नव्हता, म्हणून गाण्याचा आधार घेतला. "हे बघ, ते मराठी गाणं काही सुरात बसत नाही. काढून टाक."

"आंटी, एकही सुरात बसत नाही. सगळीच काढू?"

ती डब्याच्या झाकणाशी खेळत म्हणाली, "गावी गेल्यावर सगळे विचारणार, तिथं काय होतास, इथं का आलास. अब्बा काहीतरी सांगतील. परत तेच सुरू होईल. ठीक होतं, ठीक होतं. मी त्यांना इथेच ऐकवणार. सगळ्यांत आधी त्यांना. ते नको म्हणाले तर टेप पुसून टाकीन."

"सगळा अल्बम?"

"त्या गाण्याशिवाय अल्बम नाही."

तिघींना हे मान्य होतं. वर्षाची मेहनत एका माणसाच्या मानेवर ठेवून त्या शांतपणे सरबत पीत होत्या.

ते गाणं शेवटी उरलं. त्या दुपारी बेसवाली घेरी येऊन गादीवर टेकली आणि मी उठून एसी लावला. म्हटलं, मरू दे तुमची घरघर. आमचा जुना खिडकीतला एसी चांगलाच घुमायचा. दोन मिनिटं सगळ्या तशाच पडून राहिल्या. मग निवेदिका पडल्या पडल्या ते गाणं म्हणू लागली आणि मला एकदम ऐकू आलं की ती नेमकी एसीच्या सुरात आहे. तसूभर इकडेतिकडे नाही. मी धावत जाऊन क्लासची इलेक्ट्रिक तानपुऱ्याची पेटी आणली आणि एसीशी जुळवून लावली. इतकी वर्षं ज्या बाईने भाव भाव म्हणून सगळ्यांचं डोकं उठवलं, ती पेटीपुढे मांडी घालून एसीला साथ करत होती. गिटारवालीने गुपचूप बटण दाबलं. तसंच रेकॉर्ड झालं ते.

*अब्बा शर्ट घालतात. लिफ्ट खाली जाते.*
*झाड आहे. बाक आहे. डबा आहे.*
*पाच वाजतात. लिफ्ट वर येते.*
*ऑफिस कसं होतं. ठीक होतं.*

एवढंच, पुन्हा पुन्हा. शेवटी शेवटी नुसतं 'ठीक होतं'.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती गेल्यावर बँड संपला. चौघी पुन्हा कधी एकत्र वाजवायला बसल्या नाहीत. निवेदिकेने रत्नागिरीत शाळेत नोकरी धरली, लग्न केलं, पहिली दोन-तीन वर्षं ईदला फोन करायची. "कशी आहेस?" विचारलं की जरा वेळ विचार करून खरं खरं उत्तर द्यायची. आज बरी नाही, आज बरी आहे, आज कळत नाही. मग फोन थांबले. मला वाईट वाटलं का? वाटलं असावं. लक्षात नाही. तिच्यामुळे मला एक सवय मात्र लागली. कुणी कसं आहे विचारलं तर मी थांबून बघते. आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेल्यांना मी "अजून काही वाटत नाहीये" असं सांगितलं, आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

निघायच्या आदल्या दुपारी तिने आम्हाला त्यांच्या घरी बोलावलं. सामान विकून झालेलं. नायलॉनच्या दोरीने बांधलेली खोकी, उघड्या फरशीवर एक टेपरेकॉर्डर. आम्ही भिंतीला टेकून बसलो. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. अब्बा मधोमध मांडी घालून, पाहुण्याकडे बसावं तसे.

"अब्बा, आमचा अल्बम आहे," निवेदिका म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर नाही."

त्यांनी मान हलवली. लिफ्टचं गाणं झालं. ट्रॅफिकचं झालं. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण पायाचा अंगठा हलत होता. मग कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं, त्यांचं गाणं लागलं. अंगठा थांबला. रिकाम्या घरात आवाज घुमत होता आणि आम्ही सगळे फरशीकडे बघत होतो. निवेदिका तेवढी त्यांच्याकडे बघत होती.

गाणं संपलं. नुसती टेप फिरल्याचा आवाज आला. मग खट्ट होऊन मशीन बंद पडलं. तिची आई दारातून हलली नाही.

अब्बांनी हात पुढे केला, झाकण उघडलं, कॅसेट काढली. क्षणभर ती हातात धरून बघितली. मग उलटी करून पुन्हा आत घातली आणि बटण दाबलं.